फलालीनची झोळी

१६ जानेवारी, मंगळवार

हर्षा, लिहायला उशीर झाला, त्याबद्दल रागावू नको. ही डायरी पिशवीत टाकताना तू बजावलं होतंस की पोचल्या दिवसापासून रोज लिहायचं, आणि मला इथे येऊन आठवडा उलटला. आधी चष्मा सापडेना, तो मोज्यात निघाला. मग पेन उठेना. आणि खरं सांगायचं तर सातवी शिकलेल्या माणसाला कोऱ्या पानाची भीती वाटते. इथे फोनला टॉवर नाही. मागची टेकडी चढून वरच्या दगडावर उभं राहिलं तर लागतो, पण माझे गुडघे रोज ती टेकडी चढायचे नाहीत. म्हणून तुझ्याशी बोलायचं ते इथे लिहितो. बारशाला चामोर्शीला येईन तेव्हा डायरी तुझ्या हातात देईन. मग मोठ्याने वाच आणि हस.

जागा चांगली आहे. जिवतीच्या पुढे, डोंगराच्या पाठीवर, जुनं दोन खोल्यांचं क्वार्टर. भोवती साग आणि ऐनाची झाडं. थंडी आपल्या सावली गावापेक्षा जास्त, पण संघपाल जावयांनी दिलेलं स्वेटर पुरतं. काम चौकीदाराचं, शिवाय चूल, पाणी आणि कापडं धुणं. नीलिमा मॅडम जनावरांच्या डॉक्टर आहेत, कमी बोलतात, पण मला अहो-जाहो करतात. राजदीप बल्लारपूरचा, गाडी चालवतो आणि मॅडमच्या हाताखाली सगळं करतो. त्याचं तोंड दिवसभर बंद नसतं.

त्यांचं काम ऐकून मला हसू आलं. गोचिड्या गोळा करणं. पांढऱ्या फलालीनच्या मोठ्या कापडाला एका बाजूने नेफा शिवलेला असतो, पायजम्याला असतो तसा. त्यात बांबू घालायचा, बांबूला दोरी बांधायची आणि ते कापड गवतावरून, पाल्यावरून ओढत न्यायचं. गोचिडीला वाटतं जनावर चाललंय, ती चिकटते. मी राजदीपला म्हटलं की जन्मभर बैलाच्या कानातून गोचिड्या काढल्या, त्याला कापड कधी लागलं नाही. तो म्हणाला, "काका, तुमचा बैल इथी नाई ना, म्हणून कापडाले बैल बनवलं."

लोखंडाच्या गोळ्या जेवणानंतर घेत जा. चहाबरोबर घेऊ नको.

१९ जानेवारी, शुक्रवार

आज पिंडरीवर एक गोचीड सापडली. सवयीने काढली आणि दोन नखांत चिरडली. मॅडमनी पाहिलं आणि माझा हात धरून साबणाने तीनदा धुवायला लावला. बैलांच्या शेकडो चिरडल्या, मला काही झालं नाही, असं मी म्हणालो. त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि समजावून सांगितलं.

मागच्या उन्हाळ्यात या डोंगरात वानरं मेली. मग माणसांना ताप आला, हिरड्यांतून रक्त आलं, काही गेले. मेलेल्या वानरांवर एका जातीच्या गोचिड्या होत्या आणि त्यांच्या पोटात तो ताप सापडला. पण मॅडमचं म्हणणं असं की पोटात सापडणं वेगळं आणि दुसऱ्याला देणं वेगळं. आजारी रक्तावर पोट भरलं तर ताप पोटात असणारच. ती पुढच्याला चावते तेव्हा तो देते का, हे अजून कोणी पाहिलेलं नाही. तेवढंच पाहायला त्या इथे आल्या आहेत. मागच्या खोलीत पांढरे उंदीर आहेत. पिंजऱ्याचं टेबल पाण्याच्या वाट्यांत उभं केलंय, म्हणजे काही उतरून जाऊ नये. त्या खोलीत मी जायचं नाही.

एवढं शिकलेल्या बाईचा प्रश्न एवढाच असेल असं वाटलं नव्हतं. देते की नाही देते.

२२ जानेवारी, सोमवार

खालच्या पाड्यावरचा इतवारी गुरं चारतो. तो सकाळी धावत आला. ओढ्याकाठी वानर पडलं होतं, मादी, अंग अजून गरम. राजदीप आणि तो तिला घेऊन आले. एक कापड खाली, एक वर, नेफ्यात बांबू घालून खांद्यावर, आपल्याकडे आजाऱ्याला उचलून नेतात तसंच. तिच्या कानांभोवती गोचिड्या फुगून एरंडीच्या बियांएवढ्या झाल्या होत्या. मॅडमनी हातमोजे घालून एकेक चिमट्याने काढून बरणीत भरली. फार खुश होत्या. मग आम्ही लाकडं रचून तिला जाळलं. कापडं राजदीपने ओढ्यावर खळबळली आणि तारेवर टाकली.

तिच्या पोटात पिल्लू होतं असं मॅडम म्हणाल्या.

२७ जानेवारी, शनिवार

हर्षा, एक गोष्ट तुला सांगायची नव्हती, तुझ्या घरी वस्तू पोचल्यावरच कळावी असं मनात होतं. पण पोटात राहत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करतात. तुझं तसं होणार नाही, कारण घरात बाई नाही. तुझी आई असती तर तिने सगळं केलं असतं. बाळाच्या अंगाला आधी नवं कापड लावत नाहीत. वापरून वापरून मऊ झालेलं लागतं, आणि ते आईच्या घरून येतं. बायनाबाईची लुगडी तिच्यामागे वाटून टाकली, रीत म्हणून. तेव्हा कोणाच्या मनात आलं होतं. तू काही बोलली नाहीस, पण तुझी सासू विचारत असेल, आजोबाने काय पाठवलं.

इथे फाटलेल्या फलालीनच्या कापडांचा ढीग पडला होता. ओढून ओढून त्याची लव अशी झाली आहे की हात लावला की झोप यावी. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या न्या खुशाल, पण आधी उकळा. उकळलं की फलालीन आटतं आणि पाट्यासारखं होतं, तुझी आई नेहमी सांगायची. म्हणून मी रिठ्याच्या फेसात धुतलं, दोनदा, आणि कातळावर कडक उन्हात वाळवलं. रिठ्याने लोकरीतली कसर जाते, गुरांच्या अंगावरची पिसू जाते. ढिगातलं सगळ्यांत मऊ निवडलं. एका कोपऱ्याला तपकिरी डाग होता, पळसाच्या रसाचा असावा, तोही पुसट झाला. फाटकी बाजू कापून मी हातानेच धावदोरा घातला. टाके वाकडे आहेत, सासूला दाखवू नको. नेफा मुद्दाम उसवला नाही. त्यात दोरी ओवली की आयती झोळी होते.

राजदीप उद्या चंद्रपूरला जातोय, तिथे जावयांच्या हाती देईल आणि नेफ्यात दोरी ओवायला सांगेल. तो मला आज दिवसभर शिंपी म्हणत होता.

६ फेब्रुवारी, मंगळवार

मुलगी झाली. टेकडीवर उभा राहून तुझा आवाज ऐकला आणि खाली कसा आलो ते कळलं नाही. गुडघा दुखलाच नाही. सगळ्यांना गूळ वाटला, इतवारीच्या गाईलासुद्धा.

तू म्हणालीस, "बाबा, तुमची झोळी लय नरम आहे. पोरगी तिच्यातच झोपते. बाहेर काढली का रडते." तुझ्या सासूनेही हात लावून पाहिली म्हणालीस. आता मला काही नको. खोली गरम ठेव, शेगडी झोळीखाली सरकवू नको, बाजूला ठेव. बारसं मार्चच्या मध्याला करू म्हणालात, मी येतो. नाव तोवर कोणी सांगायचं नाही. मला तिथे कानाने ऐकायचं आहे.

२० फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमना उत्तर मिळालं. जंगलातून कापडावर आलेल्या गोचिड्या ज्या उंदरांना लावल्या होत्या ते मेले. ज्यांना काही लावलं नव्हतं ते धडधाकट आहेत. म्हणजे देते. मॅडम हसल्या आणि मग हसल्याची लाज वाटल्यासारख्या पुन्हा वहीत लिहायला लागल्या.

आता दुसरा प्रश्न. त्यांनी मला दारातूनच एक बरणी दाखवली. वानरावरून काढलेल्या एका फुगीर गोचिडीने अंडी घातली होती. खसखशीचा ढीग जणू, तपकिरी, चकचकीत. बाजूला ती स्वतः सुकून मेलेली. एवढी अंडी मागे ठेवून आई मरते, दर वेळी. मॅडमना पाहायचंय की आईच्या पोटातला ताप अंड्यात उतरतो का. उतरत असला तर सगळ्यांत वाईट, त्या म्हणाल्या. मग वानर लागतच नाही. पिल्लू जन्मताच घेऊन येतं.

मी विचारलं अंडी फुटायला काय लागतं. ऊब, त्या म्हणाल्या.

१ मार्च, शुक्रवार

बरणीतली अंडी फुटली. बरणी राखेने भरल्यासारखी दिसते, आणि राख हलते. मॅडमनी ती पिल्लं नव्या उंदरांना लावली. आता वाट पाहायची. ऊन तापायला लागलं, मोह टपटप पडतोय, वास इथवर येतो. राजदीपचं डोकं दुखतंय. दोन दिवसांत त्याने एकही थट्टा केली नाही.

३ मार्च, रविवार

टेकडीवर गेलो होतो. पोरीच्या मानेवर लाल पुरळ आलंय म्हणालीस, आणि अंगावर बारीक काळे कण, पुसले तरी सकाळी पुन्हा. धूळ असेल, शेगडीची राख असेल, असं मीच म्हणालो. उन्हाळी पुरळ आहे, खोबरेल लाव, असंही मीच म्हणालो. झोळी चांगली झटकून घे म्हणालो.

तूही थकल्यासारखी वाटलीस. रात्रीची जागरणं. खात जा.

५ मार्च, मंगळवार

राजदीपच्या नाकातून रक्त थांबत नव्हतं. मॅडम त्याला गाडीत घालून स्वतः चालवत चंद्रपूरला घेऊन गेल्या. जाताना त्याने माझा हात धरला, हात भट्टीसारखा होता. मला म्हणाला, काका, माझ्या बैलाले पाणी पाजजा. कापडांना म्हणाला असेल. शुद्धीत नव्हता.

मॅडमनी मला मागच्या खोलीची किल्ली दिली. आत जायचं नाही, दार उघडून जाळीतून पाहायचं. रोज सकाळी कोणता उंदीर जिवंत आणि कोणता मेला, एवढं भिंतीवरच्या कागदावर लिहायचं. दोन-चार दिवसांत माणसं घेऊन येते म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल होते. धुळीने असतील.

उंदीर सगळे जिवंत.

६ मार्च, बुधवार

मागच्या दाराची फट बुजवायला ढिगातून एक फाटकं कापड ओढलं. त्याच्या कोपऱ्याला तपकिरी डाग होता. तसाच, त्याच जागी. पळसाचा रस एकाच जागी दोन कापडांना कसा लागेल.

वानराला दोन कापडं होती. एक खाली, एक वर.

नेफ्यात बोट घातलं. आत एरंडीच्या बीसारखं टरफल हाताला आलं, पोकळ. आणि भुगा. खसखशीची सालं. मग तो भुगा माझ्या बोटांवरून मनगटाकडे निघाला.

हात निखाऱ्यावर धरला. कापड चुलीत घातलं.

हर्षा, नेफा मी उसवला नाही. दोन्ही वेळा धुताना मी नेफा उलटून पाहिला नाही. आणि तुला दोरी ओवायला सांगितलं. पोरीच्या डोक्याच्या वर.

तोच दिवस, दुपार

टेकडीवर गेलो. तुझा फोन बंद. जावयांचा बंद. पुन्हा लावला. मग माझाच फोन बंद पडला. तुमच्या शेजाऱ्यांचा नंबर मी कधी लिहून घेतलाच नव्हता.

आता एकच आशा. ताप अंड्यात उतरत नसेल तर ती नुसती गोचिडीची पिल्लं आहेत. खाज येईल, जाईल. मॅडमचे उंदीर जगले तर पोरगी जगली. एवढंच लिहितो. उंदीर जिवंत आहेत. सगळे. आत्ता पाहून आलो. एक तर पुढच्या पायांनी तोंड धूत होता.

७ मार्च, गुरुवार

एक उंदीर मेला. म्हातारा असेल.

खाली निघालो, सडकेला जाऊन बस धरायची म्हणून. पाड्याच्या वाटेवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या आहेत. पलीकडे माणसं उभी. मला ओळखतात, माझ्याकडे चहा प्यायला येत होती. कोणी नजर दिली नाही. इतवारी पुढे आला आणि फांद्यांच्या पलीकडे थांबला.

"बापूभाऊ, तिथंच राहा. तुमच्यावर राग नाई. पण राजदीपभाऊचं समजलं. गावात लेकरं आहेत."

"माझं बी लेकरूच आहे, इतवारी," मी म्हणालो.

मला वाट द्या असं मी पुन्हा म्हटलं नाही. माझ्या अंगावर काय आहे ते मला तरी कुठे माहीत होतं. मी त्याला तुझा नंबर ओरडून सांगितला आणि निरोप सांगितला. त्याने तो माझ्याकडून पाठ करून घेतला, शाळेतल्या पोरासारखा हात मागे बांधून, "झोळी जाळा. झटकू नका, धुवू नका, जिथी टांगली तिथीच काडी लावा. पोरीले मोठ्या दवाखान्यात न्या. बापूभाऊनं सांगितलं." टॉवर असेल तिथवर जातो म्हणाला. आजच.

देवळात न जाणारा माणूस मी. त्या माणसाच्या पाठीकडे पाहून हात जोडले.

८ मार्च

अजून दोन उंदीर मेले. नाकाशी लाल.

फांद्यांपाशी गेलो. अलीकडे भाकरी ठेवली होती, पानाने झाकून. इतवारी दिसला नाही. हाका मारल्या. एक बाई लांबूनच म्हणाली तो निजलाय, डोकं दुखतंय. निरोप दिला का विचारलं. तिला माहीत नव्हतं. कोणता निरोप, म्हणाली.

वानर त्यानेही उचललं होतं. पण त्याला किती दिवस झाले. म्हणजे दुसरीकडून आलं. की माझ्याकडून, काल, वाऱ्याने —

पाठ दुखते आहे. काल धावलो म्हणून.

९ मार्च

गाडीचा आवाज नाही. मॅडम येत नाहीत. डोळे लाल होते त्यांचे.

टेकडी अर्धी चढलो, बसलो, तसाच घसरत आलो. चार्जिंगची वायर राजदीपच्या गाडीत.

दोनच उंदीर उरले. एक कोपऱ्यात, केस गळल्यासारखा. दुसरा खातोय. मी त्याला बाहेरून बोलतो. खा बाबा. तुझ्यावर आहे सगळं. एवढा मोठा प्रश्न आणि तू एवढासा.

चूल पेटवली नाही, अंगच तापलंय.

तिच्या मानेवर म्हणाली होतीस. मानेवर. नेफ्याच्या खाली मान —

१० मार्च

एकच.

खातोय. मी पाहिलं, खातोय. सगळेच मरत नाहीत. मॅडम म्हणाल्या होत्या, काही वाचतात. बायनाबाईला पण डॉक्टर म्हणाले होते काही —

हिरडीतून खारट येतं. कागदावर पडलं, पुसलं. हा डाग पळसाचा नाही हर्षा.

स्वप्नात तू झोळी झटकत होतीस, मी सांगितलं म्हणून.

सकाळ

पाणी प्यायला नाही. कुशीवर आहे. पोट हलतंय. हलतंय अजून.

भिंतीपर्यंत जाता येत नाही. कागदावर लिहायचं होतं ते इथे लिहितो. मॅडम आल्या तर वाचतील. मॅडम, आईकडून पिल्लाला येतं. आणि पिल्लू देतं. तुमचं उत्तर —

आता हलत नाही. की मला दिसत नाही. चष्मा कुठे —

हर्षा, कोणाच्याही हाती निरोप पाठव, लवकर. लांब काही नको. जाळली, एवढंच. कधी जाळली ते सांग. इतवारीचा फोन आला होता का सांग. आला असेल. तो पाठ करून गेला होता.

बारसं झालं असेल, दिवस मोजता येत नाहीत. नाव सांगू नका म्हणालो होतो, आता सांग. फांद्यांपाशी येऊन कोणीतरी मोठ्याने ओरडलं तरी मला इथवर ऐकू येईल. एकदा कानाने तिचं नाव